तेल, वाइन आणि तेरा प्रश्न

१ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपात उद्ध्वस्त झाली. या घटनेविषयी काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक विधान हटकून भेटतं: या भूकंपाने युरोपची देवावरची श्रद्धा हादरवली आणि आधुनिक विचाराला सुरुवात झाली. विधान आकर्षक आहे, एका रीलमध्ये मावतं आणि अगदीच खोटंही नाही. तरी ते वाचताना मला दर वेळी प्रश्न पडतो, की यात लिस्बनची माणसं कुठे आहेत? मेली ती लिस्बनमध्ये आणि विचार सुचले जिनिव्हात, असा काहीसा हा हिशोब दिसतो.

भूकंपातून जन्मलेलं थोडं साहित्य मला इथे नव्याने वाचायचं आहे. व्होल्तेरची कविता, तिला रूसोने पत्रातून दिलेलं उत्तर, व्होल्तेरचीच 'कांदीद' ही कादंबरी, क्लाइस्टची एक कथा. आणि त्यांच्याच रांगेत बसवायची आहे एक सरकारी प्रश्नावली, जिला कुणी साहित्य म्हणत नाही. आपत्तीवर लिहिलेल्या मजकुराला माझा एकच सवाल आहे: ढिगाऱ्याखालच्या माणसाचं तू ऐकतोस का?

सकाळचे साडेनऊ वाजून गेलेले

तो सर्व संतांचा सण. शहरभरची चर्च माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. पहिला धक्का साडेनऊच्या सुमारास बसला आणि काही मिनिटं जमीन हलत राहिली. मोकळी जागा म्हणून लोक तेजो नदीच्या काठाकडे धावले. साधारण चाळीस मिनिटांनी समुद्र नदीच्या मुखातून आत शिरला. जे उरलं ते आगीने घेतलं. मेणबत्त्या, चुली, पडक्या घरांची लाकडं. आग पाच-सहा दिवस धुमसत होती. भूकंपाचं केंद्र अटलांटिकच्या तळाशी, पोर्तुगालच्या नैर्ऋत्येला होतं. आजचे अंदाज तीव्रता ८.५ ते ९ च्या दरम्यान धरतात. मृतांच्या आकड्यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण हजारो नव्हे, काही दशसहस्र माणसं गेली एवढं नक्की. मोरोक्कोतही मोठी हानी झाली, पण युरोपात तिच्यावर कविता झाल्या नाहीत.

राजवाडा गेला, त्यातलं सुमारे सत्तर हजार ग्रंथांचं राजग्रंथालय गेलं. त्याच वर्षी उघडलेलं ऑपेरागृह गेलं. 'कासा दा इंडिया' म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराचं दफ्तर जळालं. गोव्याच्या इतिहासाचा एक तुकडा त्या आगीत राख झाला, हे आपल्याकडे क्वचितच बोललं जातं.

कविता आणि पत्र

बातमी जिनिव्हाजवळ राहणाऱ्या व्होल्तेरपर्यंत पोचायला तीनेक आठवडे लागले. त्याने लगेच एक दीर्घ कविता लिहिली, ती १७५६ मध्ये छापली गेली. तिचं लक्ष्य होतं 'जे आहे ते चांगल्यासाठीच आहे' हे तत्त्वज्ञान. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझ आणि इंग्रज कवी अलेक्झांडर पोप यांच्या नावाने ते तेव्हा युरोपभर प्रचलित होतं. व्होल्तेरचा युक्तिवाद साधा आहे. लिस्बनने असं कोणतं पाप केलं, जे लंडन-पॅरिस करत नव्हतं? आईच्या कुशीतल्या मुलांचा यात काय दोष?

कविता प्रामाणिक आहे. तिच्यातला राग खरा आहे. पण तिच्यात एकही लिस्बनकर बोलत नाही. प्रेतं आहेत, अवशेष आहेत, आक्रोश आहे, आणि या सगळ्याकडे बोट दाखवून कवी तत्त्वज्ञांशी भांडतो आहे. आपत्ती हा वादातला पुरावा झाला, की तिच्यातली माणसं मुकी होतात.

रूसोने १८ ऑगस्ट १७५६ रोजी व्होल्तेरला लांबलचक पत्र लिहिलं. त्यातला बराचसा भाग ईश्वराच्या न्यायाचा बचाव करण्यात जातो आणि तो आज कंटाळवाणा वाटतो. पण मध्येच तो एक वेगळी गोष्ट सांगून जातो. सहा-सात मजली वीस हजार घरं एका जागी दाटीवाटीने निसर्गाने बांधली नव्हती, माणसाने बांधली. लोक विखरून, हलक्या घरांत राहत असते तर इतके मेले नसते. आणि किती जण केवळ कपडे, कागद, पैसे घ्यायला परत आत शिरले म्हणून गेले!

आज आपत्ती-व्यवस्थापनाच्या पहिल्या तासाला शिकवतात ते हेच: धक्का निसर्ग देतो, संहार बांधकाम करतं. मराठी वाचकाला इथे किल्लारी आठवल्याशिवाय राहणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, आणि दगड-मातीच्या जाड भिंतींवर पेललेली जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. रूसोचं वाक्य तिथे जसंच्या तसं लागू पडतं.

तरीही पत्र वाचताना मी अडखळतो. कपडे आणायला परत गेलेल्या माणसाकडे रूसो जरा वरून पाहतो, जणू लोभाने मेला. घरातले कागद म्हणजे गरिबाचं अख्खं आयुष्य असू शकतं, हे त्याच्या ध्यानात येत नाही. युक्तिवाद बरोबर, सूर चुकलेला.

पांग्लॉसचं उत्तर

रूसोला व्होल्तेरने आजारपणाचं निमित्त सांगून छोटंसं उत्तर पाठवलं. आपल्याला खरं उत्तर 'कांदीद'च्या रूपात मिळालं, असं रूसो पुढे म्हणाला. १७५९ साली आलेल्या या छोट्या कादंबरीचं पाचवं प्रकरण लिस्बनमध्ये घडतं, आणि त्यातला एक प्रसंग मी पुन:पुन्हा वाचत आलो आहे.

भूकंप झाला आहे. उडालेल्या दगडांनी जखमी झालेला कांदीद रस्त्यात ढिगाऱ्याखाली पडला आहे. गुरू पांग्लॉस शेजारी उभा आहे. कांदीद म्हणतो, थोडी वाइन आणि तेल मिळवून द्या, मी मरतोय. पांग्लॉस सांगू लागतो, की हा भूकंप काही नवा नाही. दक्षिण अमेरिकेत लिमा शहराचंही असंच झालं. कारणं तीच, परिणाम तेच. लिमापासून लिस्बनपर्यंत जमिनीखालून गंधकाचा पट्टा गेला असणार. कांदीद म्हणतो, शक्य आहे, पण देवाशपथ, तेल आणि वाइन! पांग्लॉसला 'शक्य' हा शब्द झोंबतो. शक्य काय म्हणतोस, हे सिद्ध झालेलं आहे. कांदीद बेशुद्ध पडतो. मग कुठे पांग्लॉस जवळच्या कारंज्याचं थोडं पाणी आणून देतो.

'कांदीद'ने धर्माची खिल्ली उडवली आणि विज्ञानाची बाजू घेतली, हा तिचा नेहमीचा अर्थ. पण या प्रसंगात पांग्लॉस कोणतं स्पष्टीकरण देतो ते बघा. पाप नाही, देवाचा कोप नाही. तो देतो ते त्या काळचं विज्ञान. जमिनीखालची गंधकासारखी ज्वलनशील द्रव्यं, पोकळ्या, पेट घेणारे वायू हा तेव्हाचा प्रतिष्ठित सिद्धांत होता. तरुण इमॅन्युएल कांटने १७५६ मध्ये भूकंपावर तीन लेख लिहिले, त्यांतली मांडणीही याच वळणाची आहे. म्हणजे व्होल्तेर इथे चुकीच्या उत्तराला हसत नाही. उत्तर बरोबर असतं तरी प्रसंग तितकाच भयाण राहिला असता. एक माणूस तेल मागतोय आणि दुसरा कारण देतोय, एवढाच तो प्रसंग आहे.

तेल आणि वाइन या वस्तूही सहज निवडलेल्या नाहीत. बायबलमधल्या भल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात, वाटेत पडलेल्या जखमीच्या घावांवर तो परका माणूस तेल आणि द्राक्षारसच ओततो. व्होल्तेरच्या वाचकांना हा संदर्भ सांगावा लागत नव्हता. धर्मसंस्थेवर आयुष्यभर आसूड ओढणारा लेखक दयेसाठी शब्द शोधताना धर्मग्रंथातल्याच एका कथेकडे जातो.

कवितेत जे जमलं नव्हतं, ते व्होल्तेरला इथे जमलं. ढिगाऱ्याखालचा माणूस इथे बोलतो. आणि त्याला तत्त्वज्ञान नको आहे.

प्रवचनाचा बळी

पुढच्याच प्रकरणात भूकंप थांबावा म्हणून काही माणसांना जाळायचं ठरतं. पांग्लॉसला फाशी होते, कांदीदला फटके बसतात, आणि त्याच दिवशी जमीन पुन्हा हादरते. हा भाग व्होल्तेर विनोदाने उरकतो. हाच धागा कुठलाही विनोद न करता शेवटापर्यंत नेला तो हाइन्रिख फॉन क्लाइस्टने.

क्लाइस्टची 'चिलीतील भूकंप' ही कथा १८०७ साली प्रसिद्ध झाली. ती घडते १६४७ च्या सांतियागोमध्ये, पण लिस्बननंतरच्या युरोपचा सगळा वाद तिच्या पाठीशी उभा आहे. अविवाहित प्रेमामुळे योसेफेला मृत्युदंड झालेला, तिचा प्रियकर येरोनिमो तुरुंगात गळफास लावायच्या बेतात. भूकंप होतो, भिंती कोसळतात, दोघं वाचतात. शहराबाहेरच्या दरीत सगळे वाचलेले लोक एकमेकांना जेवण वाटून घेतात, कोण उच्च कोण नीच हे विसरतात. वाचकाला वाटतं, आपत्तीने माणसं सुधारली.

मग सगळे आभाराच्या प्रार्थनेला चर्चमध्ये जातात. तिथे धर्मोपदेशक भूकंपाचं कारण सांगतो: शहराचं पाप, आणि त्या पापाचं उदाहरण म्हणून हेच दोघं. जमाव दोघांना ठार करतो, आणि त्यांचं समजून दुसऱ्याच कुणाचं तान्हं मूल चर्चच्या खांबावर आपटतो. भूकंपातून जे वाचले, ते स्पष्टीकरणातून वाचले नाहीत.

ही कथा ज्याने वाचली आहे, त्याला आपत्तीनंतर तासाभरात फोनवर येणारे 'हे का झालं' छापाचे मेसेज निरुपद्रवी वाटणार नाहीत.

तेरा प्रश्न

आता त्या प्रश्नावलीकडे येतो. भूकंपाच्या वेळी पोर्तुगालचा एक मंत्री होता सेबास्तियाओ जुझे द कार्व्हाल्यो इ मेलो. पुढे मार्क्विस झाल्यावर तो पोंबाल या नावाने ओळखला गेला, मीही तेच नाव वापरतो. १७५६ च्या सुरुवातीला त्याच्या सरकारने देशभरच्या पॅरिशांना तेरा प्रश्न पाठवले. उत्तरं तिथल्या पाद्रींनी द्यायची होती.

भूकंप किती वाजता सुरू झाला आणि किती वेळ चालला? एका दिशेकडून धक्का जास्त जाणवला का? किती घरं पडली? किती माणसं मेली आणि त्यांत कुणी प्रतिष्ठित होतं का? झरे, विहिरी, नद्या यांत काय फरक दिसला? समुद्र आधी चढला की आधी ओसरला, आणि नेहमीपेक्षा किती वीत वर आला? जमिनीला भेगा पडल्या का, त्यांतून काही बाहेर आलं का? आग लागली का, किती दिवस टिकली? धान्याची टंचाई आहे का? अधिकाऱ्यांनी काय उपाय केले? पुन्हा धक्के बसले का? पूर्वीच्या एखाद्या भूकंपाची आठवण कुणाला आहे का?

या मजकुरातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यात नसलेला प्रश्न. 'का' कुठेच नाही. पाद्रींना प्रश्न विचारायचे आणि त्यात देवाचं नाव काढायचं नाही, हे १७५६ साली केवढं धाडस होतं! मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सिस्टीम कोसळली की नंतर एक अहवाल लिहितात, त्याला पोस्टमॉर्टेमच म्हणतात. त्याचा पहिला नियम असा, की आधी घटनाक्रम नोंदवा. कारणाची घाई केली की माणूस आपल्या कारणाला सोयीच्या तेवढ्याच गोष्टी आठवतो. पोंबालच्या प्रश्नांना ही शिस्त आहे. समुद्र आधी चढला की ओसरला, हे विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नाही आणि ते जाणून घ्यायची त्याला इच्छा आहे, एवढं त्या वाक्यातून स्पष्ट कळतं. व्होल्तेरच्या कवितेत प्रश्नचिन्हं पुष्कळ आहेत, पण ती कुणाच्या उत्तराची वाट पाहत नाहीत.

शिवाय हा त्या काळचा एकमेव मजकूर, जो लिस्बनविषयी बोलण्याआधी तिथल्या लोकांना बोलायला सांगतो. उत्तरं आजही लिस्बनच्या 'तोर्रे दो तोंबो' या दफ्तरखान्यात आहेत, आणि त्या भूकंपाचा व लाटेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ त्यांचा आधार घेतात.

पण पंचनामा शेवटी सरकारचा असतो. मृतांचा आकडा सगळ्यांचा, चौकशी मात्र प्रतिष्ठितांची. लिस्बनमध्ये तेव्हा आफ्रिकेतून आणलेले गुलाम मोठ्या संख्येने राहत होते; त्यांना वेगळा रकाना नाही. आणि प्रश्न विचारणारा हा मंत्री स्वतःला नको असलेली उत्तरं कशी हाताळायचा, तेही पाहायला हवं.

ज्याने 'का' विचारलं

गाब्रिएल मालाग्रिदा या वृद्ध जेझुइट धर्मोपदेशकाने १७५६ मध्ये एक पुस्तिका काढली. भूकंपाचं खरं कारण लिस्बनची पापं आहेत, त्याला नैसर्गिक म्हणणं हेच घातक आहे, असा तिचा आशय. लोकांनी झोपड्या उभारण्यापेक्षा प्रायश्चित्त घ्यावं, हा सल्लाही त्यात होता. म्हणजे क्लाइस्टच्या कथेतलाच धर्मोपदेशक. पोंबालने त्याला आधी लिस्बनबाहेर पाठवलं, नंतर तुरुंगात टाकलं. १७६१ साली इन्क्विझिशनने, जिच्या प्रमुखपदी तेव्हा पोंबालचा भाऊ होता, त्याला पाखंडी ठरवलं. रोसियो चौकात गळा आवळून मारून त्याचं प्रेत जाळलं. देवाचं नाव न घेता प्रश्न विचारणाऱ्या मंत्र्याने विरोधकाला देवाच्याच न्यायालयात संपवलं. 'कांदीद'मधला सोहळा दोन वर्षांनी खरा झाला, फक्त बळी उलट्या बाजूचा होता.

या सत्तेची झळ थेट गोव्यापर्यंत पोचली. 'मेलेल्यांना पुरा, जिवंतांची काळजी घ्या' हे पोंबालच्या नावावर जगभर खपणारं उत्तर. काही इतिहासकार त्याचं श्रेय आलोर्नाच्या मार्क्विसला देतात. हा मार्क्विस म्हणजे गोव्याचा माजी व्हाइसरॉय, आणि त्याच्या पदवीतलं 'आलोर्ना' म्हणजे आपल्या पेडणे तालुक्यातलं हळर्ण, जे त्याने १७४६ साली सावंतवाडीच्या भोसल्यांकडून जिंकलं होतं. त्याच्यानंतर व्हाइसरॉय झालेल्या तावोराला राजावरच्या हल्ल्याच्या कटात गोवून जानेवारी १७५९ मध्ये हालहाल करून मारण्यात आलं. त्याच वर्षी जेझुइटांना सगळ्या पोर्तुगीज मुलखातून हाकललं गेलं, गोव्यातूनही. ज्या संघातल्या फादर स्टीफन्सने मराठीत 'क्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, तो संघ गोव्यातून उखडला गेला. भूकंपाने पोंबालच्या हाती सत्ता एकवटली नसती, तर हे असंच आणि इतक्या वेगाने घडलं असतं असं मला वाटत नाही. भूकंपाचे धक्के मोजण्याची ही पण एक पद्धत आहे.

त्यामुळे प्रश्नावली थोर आणि कविता पोकळ, असा निकाल मला द्यायचा नाही. 'का' विचारण्यावर बंदी घालणारं राज्य हेही कोसळलेल्या भिंतीइतकंच जड असतं. पांग्लॉस आणि मालाग्रिदा यांना हसण्याची मोकळीक राहावी म्हणूनच 'कांदीद' लागते. तिला हसणं जमतं आणि ती कुणाला जाळत नाही.

पाच पर्याय

अजून एका लेखकाचं नाव घ्यायला हवं. मानुएल दा माया, राज्याचा मुख्य अभियंता, वय सत्त्याहत्तरच्या पुढे. तोर्रे दो तोंबोचा रखवालदारही तोच. दफ्तराचा बुरूज कोसळला तेव्हा कागद वाचवून लाकडी खोपटात हलवण्याचं काम त्याने केलं. डिसेंबर १७५५ मध्ये, भूकंपाला जेमतेम महिना झालेला असताना, त्याने नव्या शहराविषयीच्या प्रबंधाचा पहिला भाग सादर केला.

त्यात पाच पर्याय आहेत. एक, शहर होतं तसंच बांधा. दोन, उंची तीच ठेवा, रस्ते रुंद करा. तीन, रस्ते रुंद करा आणि घरांना दोनच मजले ठेवा. चार, खालचा सगळा भाग सपाट करून नव्याने आखा. पाच, लिस्बन सोडा आणि शेजारी बेलेमला नवं शहर वसवा. पहिल्या पर्यायापाशी तो नोंदवतो, की हा निवडायचा तर झालेला भूकंप पुढच्या भूकंपाची नांदी नाही असं गृहीत धरावं लागेल. मला हे वाक्य त्या काळच्या कुठल्याही कवितेइतकं अस्वस्थ करतं. आक्रोश नाही, उपदेश नाही; आपण कशावर भरवसा ठेवतोय तेवढं कागदावर लिहून ठेवलं आहे.

चौथा पर्याय निवडला गेला. नव्या घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवला, आडव्या-उभ्या आणि तिरप्या फुल्यांचा, म्हणजे दगड ढासळला तरी सांगाडा हलत उभा राहील. नमुन्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावून त्याची चाचणी घेतली असं सांगतात. आगीसाठी दोन घरांमध्ये छपराच्या वर जाणाऱ्या भिंती घातल्या. लिस्बनच्या बायशा भागात ही घरं अजून उभी आहेत, त्यांच्या भिंतींत तो पिंजरा आहे. आज काही ठिकाणी नूतनीकरणात तो कापला जातो, दुकानाला मोठा हॉल हवा म्हणून किंवा पाइप न्यायचे म्हणून. मायाने लिहून ठेवलेलं गृहीतक कुणी न वाचताच पुन्हा स्वीकारलं जातंय.

बायशाच्या वर, टेकडीवर कार्मोचा मठ आहे. त्याच्या चर्चचं छप्पर त्या सकाळी पडलं ते परत घातलेलं नाही. नुसत्या कमानी उभ्या आहेत आणि वर आकाश. लिस्बन भूकंपाविषयी फोनवर एखादा लेख समोर आला तर त्यात हाच फोटो असतो, आणि खाली ते देवाचं आणि आधुनिकतेचं विधान. तो फोटो दिसला की 'कांदीद'चं पाचवं प्रकरण शोधून वाचा. चार-पाच पानांचंच आहे. कांदीद तेल दोनदा मागतो. दुसऱ्यांदा मागताना तो पांग्लॉसशी सहमतही होतो, वाद मिटावा म्हणून. तरीही त्याला तेल मिळत नाही.